सहाव्या गोळीनंतर : ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हरच्या बिजागरीचा इतिहास

शस्त्रांचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा दोन वाटांनी जातात. एक वाट कारखान्याची. कोणत्या कारागिराने कोणती युक्ती काढली, तिचे पेटंट कोणत्या साली घेतले, कोणत्या सरकारने ती विकत घेतली, हा तिचा विषय. दुसरी वाट रणांगणाची. ते शस्त्र कोठे चालले, कोठे फसले, कोणाच्या हाती शोभले, हे ती सांगते. या दोन्ही वाटा जेथे एकत्र येतात तेथे एक तिसरा प्रश्न उभा असतो व त्याकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. शस्त्र घडविणाऱ्याने ते घडविताना समोरच्या माणसाविषयी कोणती कल्पना मनाशी धरली होती, हा तो प्रश्न होय. ब्रिटिश सैन्यातील अधिकाऱ्यांच्या कमरेला पाऊणशे वर्षांच्या आसपास राहिलेल्या बिजागरीच्या रिव्हॉल्व्हरचा विचार आम्ही येथे याच प्रश्नाच्या अनुरोधाने करणार आहोत.

हा विषय मराठी वाचकांस अगदीच परका वाटू नये. बेळगाव, महू, सिकंदराबाद या छावण्यांच्या शेजारी मराठी वस्त्यांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. छावणीतील साहेबाच्या कमरपट्ट्याला लटकणारे कातडी घर आणि त्यातून डोकावणारी मूठ हे तेथील नित्याचे दृश्य होते. त्या घरात काय होते व ते तसेच का होते, हे समजून घेणे म्हणजे त्या राजवटीच्या मनाचा एक कोपरा समजून घेणे होय.

प्रथम यंत्राची मूळ अडचण ध्यानात घेतली पाहिजे. फिरत्या चक्रात पाच किंवा सहा गोळ्या भरून ठेवायच्या आणि चाप ओढताच एकेक घर नळीसमोर यावे, ही रिव्हॉल्व्हरची कल्पना. हिच्यामुळे एका बाराच्या पिस्तुलापेक्षा माणसाची शक्ती पाचसहा पटींनी वाढली, हे खरे. पण ती केवळ काही क्षणांपुरती. शेवटची गोळी सुटली की हातात उरे ते लोखंडाचा एक जड तुकडा. आरंभीच्या रिव्हॉल्व्हरांत प्रत्येक घरात दारू घालावी, गोळी ठासावी, मागे टोपी बसवावी, असा खटाटोप असे. शत्रू दहा पावलांवर असताना हे करीत बसणे शक्य नव्हते. म्हणून रिव्हॉल्व्हरचा इतिहास जसा गोळी झाडण्याचा आहे, तसाच तो पुन्हा भरण्याचा आहे. किंबहुना ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत हा दुसरा भागच अधिक महत्त्वाचा ठरला, असे आमचे मत आहे.

१८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टने आपली रिव्हॉल्व्हरे मांडली आणि लंडनच्याच रॉबर्ट ॲडम्सने आपलीही मांडली. कोल्टच्या शस्त्राचा घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागे. ॲडम्सच्या शस्त्रात केवळ चाप दाबला की घोडा आपोआप मागे जाऊन सुटे. कोल्टची नळी लहान व्यासाची, तर ॲडम्सची मोठ्या. पुढे लेफ्टनंट फ्रेडरिक ब्यूमाँट या सैन्यातील इंजिनियर अधिकाऱ्याने १८५६ साली अशी रचना केली की, घोडा अंगठ्यानेही ओढता यावा व चापानेही. हे ब्यूमाँट-ॲडम्स रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने स्वीकारले. क्रिमियाच्या व त्यानंतर १८५७ च्या लढायांतून अधिकाऱ्यांच्या पंगतींत एक प्रकारच्या कथा फिरू लागल्या. त्यांचे तात्पर्य असे की, लहान गोळी लागूनही समोरचा माणूस थांबत नाही, तो तलवार उगारून येतच राहतो. तेव्हा गोळी मोठीच हवी. या कथांतील खरे किती व पदरचे किती, हे ठरविण्याची येथे गरज नाही. त्या सांगितल्या गेल्या आणि त्यांवर विश्वास ठेवला गेला, एवढे पुरेसे आहे. पुढील अर्धशतकाची दिशा त्यांनी ठरविली.

धातूच्या पुंगळीत गोळी, दारू आणि स्फोटक ही तिन्ही एकत्र बसविलेले काडतूस आले तेव्हा भरण्याचे काम सोपे झाले. १८६८ च्या सुमारास रॉबर्टचा भाऊ जॉन ॲडम्स याच्या पद्धतीचे काडतुसाचे रिव्हॉल्व्हर सैन्यात आले. मात्र नवीच अडचण उपस्थित झाली. गोळी झाडल्यावर रिकामी पुंगळी घरात राही. बाजूचे लहानसे दार उघडून, सळईने एकेक पुंगळी ढकलून बाहेर काढावी व तिच्या जागी एकेक काडतूस घालावे, असा हा क्रम होता. घोड्यावर बसून, अंधारात किंवा घाबरलेल्या बोटांनी तो पार पाडणे सोपे नव्हते.

या अडचणीवरचा उपाय अमेरिकेत निघाला. स्मिथ आणि वेसन या कंपनीने १८७० साली एक मोठे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याचा सांगाडा मधोमध कापून खालच्या बाजूस बिजागरी बसविली होती. वरचा खटका सोडला की नळी व चक्र पुढे खाली झुकत. झुकत असतानाच चक्राच्या मध्यावरून चांदणीच्या आकाराची एक तबकडी वर उचलली जाई आणि सर्व पुंगळ्या एकदम बाहेर फेकल्या जात. शस्त्र उघडणे, रिकामे करणे आणि भरण्यास सिद्ध करणे या तीन क्रिया एकाच हालचालीत होऊ लागल्या. रशियाच्या सरकारने ही रिव्हॉल्व्हरे मोठ्या संख्येने विकत घेतली. तेव्हा बिजागरीची युक्ती मुळात ब्रिटिशांची नव्हे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ब्रिटिशांनी तिला जो चिवट जिव्हाळा लावला, तो मात्र इतर कोणी लावला नाही.

पहिला प्रयत्न फसला. लंडनजवळील एनफील्ड येथील सरकारी कारखान्याने १८८० साली ओवेन जोन्स या अमेरिकनाच्या रचनेवर आधारलेले रिव्हॉल्व्हर तयार केले. त्यात नळी खाली झुकल्यावर चक्र पुढे सरके, पुंगळ्यांच्या कडा मागच्या तबकडीत अडकून राहत आणि त्या मोकळ्या होऊन खाली पडाव्यात अशी अपेक्षा असे. प्रत्यक्षात खालच्या बाजूची पुंगळी बहुधा अडकून बसे. शिवाय नवी काडतुसे भरण्यासाठी बाजूचे जुनेच दार उघडावे लागे. म्हणजे रिकामे करणे नव्या रीतीने आणि भरणे जुन्या रीतीने, असा हा अर्धवट संसार होता. १८८२ साली त्यात काही सुधारणा झाल्या. पण सैन्याचे समाधान झाले नाही.

शेवटी सरकारने आपल्या कारखान्याबाहेर पाहिले. बर्मिंगहॅम शहरात पी. वेब्ली अँड सन ही खाजगी कंपनी पूर्वीपासूनच रिव्हॉल्व्हरे बनवीत असे. ब्रिटिश अधिकारी आपले रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने विकत घेत आणि ते सरकारी काडतूस चालवीत असले म्हणजे झाले, असा दंडक होता. त्यामुळे वेब्लीचा माल सैन्यात आधीच शिरलेला होता. १८८७ साली सरकारने वेब्लीचे पहिले मार्क अधिकृतपणे स्वीकारले आणि १०,००० रिव्हॉल्व्हरांची मागणी नोंदविली. दर ठरला प्रत्येकी ३ पौंड १ शिलिंग १ पेनी.

वेब्लीचे वैशिष्ट्य तिच्या खटक्यात होते. नळीच्या वरच्या पट्टीला घट्ट धरून ठेवणारी रिकिबीच्या आकाराची पोलादी कडी व तिला जोडलेली अंगठ्याने दाबावयाची तरफ, एवढीच ती रचना. डावीकडील तरफ उजव्या हाताच्या अंगठ्याने दाबता येई, त्यामुळे मूठ सोडण्याचे कारण पडत नसे. कडी पुरती बसली नसेल तर घोडा काडतुसापर्यंत पोहोचू शकत नसे. म्हणून अर्धवट मिटलेले शस्त्र हातात फुटण्याचा धोका टळला. हे रिव्हॉल्व्हर चिखल, धूळ आणि हयगय यांना पुरून उरणारे होते. १८९४ साली दुसरे मार्क, १८९७ साली तिसरे, १८९९ साली चौथे, १९१३ साली पाचवे, अशी मार्कांची मालिका पुढे सरकली. चौथ्याचे पोलाद अधिक चांगले होते व ते बोअर युद्धात गाजले. पाचव्याचे चक्र धूरविरहित दारूच्या जोरासाठी थोडे जाड केले होते. मूळ आकृती मात्र तीच राहिली.

येथे आमच्या प्रतिपादनाचा गाभा येतो. बिजागरीचे सांगाडे दोन तुकड्यांचे असल्यामुळे अखंड सांगाड्याइतका स्फोटाचा दाब त्यांना दीर्घकाळ सोसवत नाही. अमेरिकेत कोल्टने १८८९ साली दुसरा मार्ग पत्करला. सांगाडा अखंड ठेवायचा आणि फक्त चक्र बाजूला झुकवून बाहेर काढायचे, अशी ती रीत होती. तीत उघडणे व पुंगळ्या काढणे या दोन स्वतंत्र हालचाली कराव्या लागत. पण शस्त्र मजबूत राही आणि पुढे अधिक जोराची काडतुसे त्याला पेलता आली. ब्रिटिशांनी जलद भरण्याचा फायदा निवडला व त्याची किंमत म्हणून मंद काडतूस पत्करले. वेब्लीच्या .४५५ इंच व्यासाच्या काडतुसातील गोळी २६५ ग्रेन, म्हणजे सुमारे १७ ग्रॅम वजनाची असून नळीतून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ६०० फुटांचाच असे. वेग कमी तर वजन जास्त, हा हिशेब त्यामागे होता. मोठी गोळी हवी ही जुनी समजूत आणि मंद काडतूस हवे ही बिजागरीची अट, या दोहोंनी एकमेकींना बळ दिले. यांपैकी अमुकच कारण आणि अमुकच कार्य, असे म्हणता येणार नाही.

मंद गोळीने माणूस खात्रीने थांबावा कसा? या प्रश्नाचे जे उत्तर काढले गेले त्याने रिव्हॉल्व्हरचा इतिहास कारखान्यातून नीतीच्या आखाड्यात नेला. १८९० नंतरच्या दशकात हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील मोहिमांत सैनिकांची तक्रार अशी होती की, नव्या लहान व्यासाच्या रायफलीची गोळी शरीरातून आरपार जाते, पण माणूस पडत नाही. त्यावर कलकत्त्याजवळील दमदम येथील सरकारी कारखान्यात टोक उघडे ठेवलेल्या, शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्या तयार झाल्या. त्या गावाचे नाव या गोळीला कायमचे चिकटले. त्याच विचाराची रिव्हॉल्व्हरची आवृत्ती १८९८ साली निघाली. वेब्लीच्या काडतुसाच्या तिसऱ्या मार्कातील गोळी दंडगोल असून तिच्या तोंडाशी वाटीसारखी पोकळी होती. तिला 'मॅन-स्टॉपर', म्हणजे माणूस थोपविणारी, असेच नाव पडले.

दुसऱ्याच वर्षी, १८९९ साली, हेग येथे राष्ट्रांची शांतता परिषद भरली. शरीरात पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या वापरू नयेत, असे घोषणापत्र तेथे तयार झाले. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी त्याला विरोध केला. सुसंस्कृत राष्ट्राचा सैनिक जखमी झाला की मागे हटतो. परंतु रानटी माणूस गोळी लागूनही पुढे येतच राहतो, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. ब्रिटनने त्या वेळी सही केली नाही. १९०७ साली केली. त्याहून बोलके आहे ते घोषणापत्रातील एक कलम. सही करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसांतील युद्धापुरतेच ते बंधनकारक होते. सरहद्दीवरचा पठाण किंवा आफ्रिकेतील झुलू कोणत्याही घोषणापत्रावर सही करणार नव्हता. दयेची मर्यादा कोठपर्यंत, हे कायद्याच्या भाषेत इतक्या स्वच्छपणे क्वचितच लिहिले गेले असेल.

तरीही हेगचा परिणाम झाला नाही असे नव्हे. पोकळ तोंडाची गोळी १९०० साली सैन्यातून मागे घेण्यात आली. १९१२ साली सपाट तोंडाची निराळी गोळी आणून नियमाच्या अक्षराला धक्का न लावता तोच हेतू साधण्याचा प्रयत्न झाला. पण १९१४ साली युरोपातच युद्ध पेटले तेव्हा तीही काढून घेतली गेली. आता समोर उभा असलेला शत्रू सही करणाऱ्यांपैकी होता, आणि असली गोळी बाळगणारा अधिकारी त्याच्या हाती सापडला तर काय होईल, याची धास्ती होती.

याच काळात आपल्याकडे शस्त्र कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न कायद्याने निकालात काढलेला होता. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याखेरीज बंदूक बाळगण्याची बंदी केली आणि युरोपीय लोकांना त्या अटीतून सूट मिळाली. म्हणून वेब्ली हे राज्यकर्त्यांचे शस्त्र राहिले. त्याच्याविरुद्ध उठणाऱ्यांनी निवडलेले शस्त्र वेगळे होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या ते ब्राउनिंग होते. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून अशी वीस पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर धाडल्याची गोष्ट पुढील खटल्यात गाजली. वेब्ली लपविण्यासाठी घडविलेली नव्हती. ती दिसावी यासाठीच कमरेला असे. ब्राउनिंग सपाट, लहान आणि सामानात दडविण्याजोगे होते. शस्त्राच्या आकारावरूनही ते बाळगणाऱ्याचे स्थान वाचता येते, ते असे.

वेब्लीचे सहावे मार्क मे १९१५ मध्ये आले. सहा इंची नळी, चौकोनी बुडाची मूठ व सुमारे १.१ किलो वजन असे त्याचे रूप होते. फ्रान्समधील खंदकांत रात्रीचे छापे, अरुंद वाटा व हातघाईची झुंज यांत लांब रायफल अडचणीची ठरे आणि रिव्हॉल्व्हर उपयोगी पडे. सहाव्या गोळीनंतरची भीती तेथे पराकोटीला पोहोचली होती, याची साक्ष दोन साधने देतात. सहाही काडतुसे एकदम चक्रात बसविणारे प्रिडो यांचे उपकरण हे पहिले. रिव्हॉल्व्हरच्या नळीलाच जोडावयाची प्रिचर्ड यांची लहान संगीन हे दुसरे. एक साधन भरण्याचा वेळ कमी करते; दुसरे, भरण्यास वेळच उरला नाही तर काय करावे, ते सांगते. याच्या आधी कर्नल जॉर्ज फॉसबेरी यांनी धक्क्याच्या जोराने आपोआप घोडा चढविणारे रिव्हॉल्व्हर वेब्लीच्या सांगाड्यावर उभे केले होते. १८६३ च्या उंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेला हा हिंदुस्थानी सैन्यातील अधिकारी. त्याची कल्पना मोठी चतुर होती. पण घसरणाऱ्या भागांत धूळ शिरली की ती लटकी पडे. सैन्याने ती अधिकृतपणे कधीच घेतली नाही.

युद्ध संपल्यावर विचारांना वेगळे वळण लागले. सहाव्या मार्काचा धक्का व वजन सांभाळून नेम धरण्यास दीर्घ सराव लागतो आणि मोठ्या युद्धात भरती झालेल्या सामान्य माणसाला तो मिळत नाही, हा अनुभव आला होता. म्हणून .३८ इंच व्यासाचे व २०० ग्रेनच्या गोळीचे हलके रिव्हॉल्व्हर काढण्याचे ठरले. जुने रिव्हॉल्व्हर समोरच्या माणसाच्या भीतीतून घडले होते. हे नवे आपल्याच शिपायाच्या कच्च्या तयारीचा विचार करून घडले. वेब्ली कंपनीने आपली रचना सरकारपुढे ठेवली. सरकारने एनफील्डच्या कारखान्यात तिच्याशी पुष्कळ साम्य असलेले शस्त्र तयार करून ते १९३२ साली स्वीकारले. कंपनीने २,२५० पौंडांचा दावा मांडला. रचना मुख्यतः एनफील्डचे कॅप्टन बॉईज यांची आहे, असे सरकारचे उत्तर होते. दावा फेटाळला गेला. पण पुढे शोधकांना पारितोषिके देणाऱ्या शाही मंडळाने कंपनीला १,२५० पौंड दिले. ज्याची मालकी नाकारली त्यालाच मोबदला देण्याचा हा न्याय मासलेवाईक म्हटला पाहिजे.

१९३८ साली या एनफील्डच्या घोड्याचा वर आलेला काटा काढून टाकण्यात आला. रणगाड्याच्या अरुंद पोटात चढता-उतरताना तो कोठे ना कोठे अडके, असे कारण सांगितले गेले. काटा गेल्यामुळे घोडा अंगठ्याने ओढता येईना; दर वेळी चापाचा पूर्ण ताण सोसावा लागे व नेम बिघडे. कित्येक सैनिकांना हा बदल रुचला नाही. गोळीच्या बाबतीत हेगचा धाक पुन्हा जाणवला. उघड्या शिशाच्या गोळीऐवजी धातूचे वेष्टन असलेली १७८ ग्रेनची गोळी दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडाशी आली. गरज वाढली तेव्हा जिच्याशी वाद घातला होता त्याच वेब्ली कंपनीचे .३८ चे रिव्हॉल्व्हरही सरकारने भरपूर विकत घेतले. युद्धानंतर तेरा गोळ्यांचे ब्राउनिंग पिस्तूल सैन्यात आले आणि भरण्याचा प्रश्न मुठीतून काढून घालावयाच्या पेटीने सोडविला. १९६० नंतरच्या दशकात बिजागरीचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्यातून नाहीसे झाले. वेब्ली अँड स्कॉटने १९७९ साली बंदुका बनविणे थांबविले. एनफील्डचा कारखाना १९८८ साली बंद पडला.

पण ही बिजागरी आपल्या देशात जिवंत राहिली. स्वतंत्र भारताच्या कायद्याने सैन्याच्या काडतुसांचे व्यास सामान्य नागरिकास वर्ज्य केले. म्हणून कानपूरच्या सरकारी कारखान्याने वेब्लीच्या .३८ च्या आकृतीवरच .३२ चे रिव्हॉल्व्हर बनविले. त्याच शहरातील फील्ड गन फॅक्टरीने २०१४ साली 'निर्भीक' या नावाचे हलके रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या आत्मसंरक्षणासाठी म्हणून बाजारात आणले. २०१२ साली दिल्लीत झालेल्या अमानुष अत्याचाराची आठवण त्या नावामागे आहे. खटका दाबावा, नळी झुकावी, पुंगळ्या उसळून बाहेर पडाव्यात, ही क्रिया अद्यापि तीच आहे. लाखाहून अधिक किमतीचे हे शस्त्र किती स्त्रियांना परवडेल आणि त्याने त्या किती सुरक्षित होतील, असे प्रश्न तेव्हाच विचारले गेले व ते विचारणे योग्यच होते.

या साऱ्या वाटचालीतून आम्हांस एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी वाटते. शस्त्रातील सुधारणा म्हणजे लोखंड आणि दारू यांची आपोआप होणारी प्रगती नव्हे. प्रत्येक बदलामागे कोणाची तरी भीती उभी असते आणि त्या भीतीला एक चेहरा दिलेला असतो. सरहद्दीवर तो चेहरा न थांबणाऱ्या रानट्याचा होता. खंदकात तो अंधारातून येणाऱ्या बरोबरीच्या शत्रूचा झाला, आणि पुढे आपल्याच नवशिक्या शिपायाच्या थरथरत्या हाताचा. चेहरा बदलला की गोळीचे तोंड बदलले आणि माणुसकीचे नियमही त्याबरोबर सैल किंवा घट्ट झाले. शस्त्राचा इतिहास वाचताना त्याची नळी कोणाच्या दिशेने रोखलेली आहे, हे ज्याला दिसते त्यालाच तो इतिहास समजला, असे आम्ही मानतो.